अळणी आमटी

"नाव?"

"विलास रामचंद्र मुसळे," मी म्हणालो.

ते माझं नाव नव्हतं, माझ्या थोरल्या भावाचं होतं. अंगातला शर्टही त्याचाच होता. छातीवर तो इतका ताटला होता की वरचं बटण लागेना.

"वय?"

"पस्तीस."

मी अठ्ठावीसचा होतो. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

"व्यायाम करता वाटतं?"

"रोज तालमीत जातो." एवढं एक मात्र खरं होतं.

"मुलं?"

"एक मुलगी. स्वप्नाली. पहिलीत आहे. लई बडबडी हाय," मी म्हणालो. एवढं कुणी विचारलं नव्हतं, पण माझ्यासारख्या सड्याफटिंग माणसाला 'मला मुलगी आहे' असं म्हणताना बरं वाटलं.

विलासदादाला साखर होती. तिसाव्या वर्षीच निघाली होती. इचलकरंजीत एका कारखान्यात तो मागांचा जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग चालू करणारा. दिवसभर उभ्यानं काम. मी तपासणीला गेलो त्या वर्षी त्याच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती दोन महिने भरेना. दादा घाबरला तो तेव्हा. आमचे वडील गेले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. शाळा सोडून मागावर उभा राहिला, आईचं केलं, मला वाढवलं. आपल्यामागं बायकोवर आणि पोरीवर ती पाळी येऊ नये, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. त्याला आजीवन विमा पाहिजे होता. मुदत संपली, पैसे बुडाले, असली भानगड नको. माणूस कधीही जाऊ दे, मागच्यांना रक्कम मिळालीच पाहिजे, असा.

वहिनींचे मावसभाऊ दिगंबर होगाडे विम्याचे एजंट होते. स्वप्नालीचे मामा म्हणून सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणायची. मामा ओट्यावर बसून म्हणाले होते, "साखरेवाल्याला कंपनी दारात सुदीक उभं करत न्हाई, विलासराव. आन् करून घेतलंच तर हप्ता असला लावतंय की विमा राहू दे, आधी हप्त्यानंच माणूस मरंल."

"मग?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी तालमीतून आलो होतो, अंगाची लाल माती अजून धुतली नव्हती.

"ह्यो काय धडधाकट बसलाय की तुमच्यासमोर," मामा म्हणाले. "रगात ह्येचं, नाव तुमचं. कोण बघायला बसलंय? माज्या निम्म्या पार्ट्या अशाच हाईत."

आमच्या घरात तब्येतीची परीक्षा दंडावरून होत असे. ज्याचा दंड मोठा तो निरोगी. त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं, मला तर नव्हतंच. आठ दिवस मी दादाची सही गिरवली. निघताना वहिनींनी माझ्या हातावर दही ठेवलं.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. परत फुगवला. मग म्हणाले, "जरा आडवे पडा." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मी घाबरलोय असं वाटून त्यांनी तालमीच्या गोष्टी काढल्या. वस्ताद कोण, जोर किती मारता. तिसऱ्यांदा पट्टा सोडल्यावर मात्र त्यांनी गोष्टी आवरल्या आणि आकडा लिहून घेतला.

मग त्यांनी मला बाटली दिली. मी आणून दिलेली लघवी त्यांनी काचेच्या नळीत ओतली आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मी बघत होतो. नळीत वरच्या बाजूला आधी धुरकट झालं, मग पांढरं, आणि बघता बघता दूध नासावं तसं झालं.

"विलासराव," डॉक्टर नळी स्टँडमध्ये ठेवत म्हणाले, "सकाळी उठल्यावर तोंड सुजल्यासारखं वाटतं का?"

"थोडं वाटतं. झोपेनं आसंल."

"पाय?"

पाय सुजायचे. वस्ताद म्हणायचे बैठकांनी भरलेत.

डॉक्टर माणूस भला होता. कागद बाजूला सारून त्यांनी मला समोर बसवलं. "हे मी कंपनीला कळवणारच, ते माझं काम आहे. पण तुम्ही आधी मिरजेला जा आणि किडनी दाखवा. उशीर करू नका. आणि पुढच्या वेळी बायकोला बरोबर घेऊन या. जेवणखाण सांभाळायला घरातलं माणूस लागतं."

"बरं," मी म्हणालो.

मामा बाहेर स्कूटरवर बसून पान खात होते. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. "तुज्या मायला," ते म्हणाले, "तुला बी आत्ताच आजारी पडायचं हुतं व्हय रं?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. घरी दादा, वहिनी आणि मामा समोरासमोर बसले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो.

"आता ह्येच्या किडन्या तुमच्या नावावर लागल्या, विलासराव," मामा म्हणाले. "साखर लपवाय गेलो आन् किडनी गळ्यात आली. आता कुठल्या बी कंपनीत जावा, नकार ठरल्याला."

"तपासणीला दुसराच बसला हुता म्हणून सांगायचं," दादा म्हणाला.

"सांगा की! माजी एजन्सी जाईल, तुमच्यावर खटला हुईल, आन् साखर हाय ती हायच."

दादानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मला भडभडून आलं. मी म्हणालो, "वहिनी, तुमी नका रडू. मला काय हुत न्हाई."

वहिनींनी पदर काढून माझ्याकडे पाहिलं. "दोन-दोन लिटर दूध घातलं तुमाला तालमीत," त्या म्हणाल्या, "त्येचं ह्ये फळ दिलासा व्हय, भावोजी?"

त्या संध्याकाळी माझ्या किडनीची चौकशी कुणी केली नाही. माझीच चूक झाल्यासारखं मला वाटत होतं. ज्या भावानं शाळा सोडून मला शिकवलं, त्याचं एवढं एक काम माझ्या अंगानं नासवलं होतं. मिरजेला मी एकटाच गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं हळूहळू निकामी होतायत. बरं होणारा आजार नाही, पण जपलात तर बरीच वर्षं काढाल. तालीम बंद, मागावरची रात्रपाळी बंद, औषध रोज. "आणि मीठ," ते म्हणाले, "मीठ म्हणजे तुम्हाला विष समजा."

मी घरी येऊन हे शब्दाला शब्द सांगितलं. दादानं ऐकून घेतलं आणि कामावर गेला.

पुढच्या रविवारी मामा पुन्हा आले. बराच वेळ तिघं आत बोलत बसले. मग दादानं मला हाक मारली. हाक नेहमीपेक्षा मऊ होती.

"मुकुंदा, बस. मामा काय म्हंत्यात ऐक."

मामांनी पिशवीतून फॉर्म काढला. "तुजं नाव अजून कोरं हाय बघ, मुकुंदा. तुज्या नावावर काय आजारच न्हाई. जे काय निघालं ते विलासरावांच्या नावावर निघालं. ठरलेल्या रकमेच्या आत तरण्या माणसाला तपासणी लागत न्हाई. तुज्या नावानं काढू या."

"माज्या नावानं? मी तर..."

"तू काय बोलू नगंस. रकाना मी भरतो." मामांनी माझ्यासमोरच एकेका रकान्यात 'नाही' लिहीत खालपर्यंत नेलं. रक्तदाब, नाही. मूत्रपिंड, नाही. औषध चालू, नाही. एवढ्या झपाट्यानं बरं करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"वारस स्वप्नाली," दादा म्हणाला. "हप्ता मी भरतो. तुजा एक पैसा जायचा न्हाई. तुला तरी पोरीशिवाय कोण हाय?"

"ह्यो आजीवन हाय बरं," मामांनी समजावलं. "जित्या माणसाला ह्यातनं काय मिळत न्हाई."

मी फारसा विचार केला नाही. स्वप्नाली माझ्या खांद्यावर बसून मोठी होत होती. तिचं भलं होत असेल आणि माझ्या रक्तानं बुडवलेलं थोडं भरून निघत असेल, तर मी दहा ठिकाणी सही केली असती. आठ दिवस दादाची सही गिरवल्यामुळे माझी स्वतःची वाकडी आली. मामा म्हणाले, "चालतंय."

आणि त्या दिवसापासून आमचं घर बदललं.

वहिनींनी बोहारणीकडून एक लहान पातेली घेतली. त्यात माझी आमटी वेगळी शिजायची, बिनमिठाची. माझ्या भाकरीचं पीठही वेगळं मळलं जायचं. पहिले काही दिवस मला घास गिळवेना. अळणी आमटी म्हणजे कोमट पाण्यात तिखट. वहिनी समोर बसून लिंबू पिळायच्या, लसणाची फोडणी वरून घालायच्या. म्हणायच्या, "खावा, भावोजी. माज्यासाठी दोन घास खावा." एकदा शेजारणीनं माझ्या ताटात लोणच्याची फोड टाकली तर वहिनींनी ती उचलून बाहेर फेकली आणि बाईशी महिनाभर अबोला धरला.

दादा तर विचारूच नका. दर महिन्याला अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेऊन तो मला मिरजेला न्यायचा. एस्टीत मला खिडकीजवळ बसवायचा. डॉक्टरांना असं खोदून खोदून विचारायचा की ते त्याला म्हणाले, "असा भाऊ असल्यावर औषधाचं काम निम्मं होतं." घरातली एकुलती एक कॉट त्यानं मला दिली आणि दुखऱ्या पायानं स्वतः खाली सतरंजीवर झोपला. माझ्या मालकाला भेटून त्यानं माझी रात्रपाळी बंद करून घेतली. थंडीत कानटोपी घातली नाही म्हणून मला चार माणसांत शिव्या दिल्या. मी तालमीच्या कट्ट्यावर नुसता बसायला जायचो तेव्हा मित्रांना सांगायचो की आई-बाप असते तरी त्यांनी एवढं केलं नसतं.

मधे रबकवीचं एक स्थळ आलं होतं. मुलगी मी पाहिली होती. हातमागावर लुगड्याचे काठ विणायची, बोटं रंगानं निळी झालेली. मला ती पसंत होती आणि तिनंही मान डोलावल्याचं कळलं होतं. एक दिवस दादा म्हणाला, "रबकवीला नगं म्हणून कळवलंय. आजारी माणसानं दुसऱ्याच्या लेकीचं वाटोळं कशाला करायचं?"

मला वाईट वाटलं. पण मग मला वाटलं, दादाचं बरोबर आहे. माझ्यापेक्षा त्याचं मन मोठं.

त्या काळात माझी तब्येत सुधारली. सूज उतरली, रक्तदाब खाली आला. मिरजेचे डॉक्टर खूष होते. मला वाटायचं हे औषधाचं नाही, माणसांचं यश आहे. आणि खरंही तेच होतं. फक्त ती माणसं कशासाठी झटतायत हे मला ठाऊक नव्हतं.

एका मंगळवारी दिवेलागणीला मामा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. दादा नुकताच कामावरून आला होता, चूळ भरत होता. मामांनी पहिला पेढा माझ्याच तोंडात कोंबला.

"घे, तोंड गोड कर. खरा मान तुजा."

"कशाचे पेढे, मामा?"

"आरं, तुज्या पॉलिशीला आज दोन वर्सं पुरी झाली की!"

"मग?"

मामांना बोलायचा मोह आवरत नसे. ते मांडी घालून बसले. "तुला सांगतो, लई टांगणीला जीव लागला हुता आमचा. दोन वर्सांच्या आत माणूस खपला की कंपनी उकरत बसतंय. दवाखाना काढतंय, चिठ्ठ्या काढतंय, आन् हातावर तुरी देतंय. दोन वर्सं कडंला लागली की मग कोण एवढं खोलात जात न्हाई. आता काय भ्या न्हाई. आता कवा बी..."

मामा थांबले. दादाच्या तोंडात पाणी तसंच होतं.

"म्हंजी तू शंभर वर्सं जग की," मामा हसून म्हणाले. "आन् बरं झालं लगीन केलं न्हाईस. न्हाई तर वारस बदलायची भानगड, बायकू म्हणणार माजं, स्वप्नालीला काय ऱ्हाणार?"

दादानं चूळ टाकली आणि पंच्यानं तोंड पुसत राहिला. पुसून झालं तरी पुसतच होता. मी त्याच्याकडे बघत होतो. त्यानं एकदा जरी माझ्याकडे पाहिलं असतं, एकदा जरी मामांना म्हणाला असता की गप बसा, तर मी सगळं विसरलो असतो. इतका मी त्याचा होतो. पण तो म्हणाला, "मामा, जेवूनच जावा."

वहिनींनी पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवला आणि हात जोडले.

पानं मांडली. मी सवयीनं भिंतीकडच्या माझ्या जागेवर बसलो आणि लहान पातेलीची वाट पाहू लागलो. पातेली मांडणीवर होती, घासूनपुसून पालथी घातलेली. वहिनींनी मोठ्या पातेल्यातून दादाला वाढलं, मामांना वाढलं आणि त्याच पळीनं माझ्या वाटीत आमटी ओतली.

"वहिनी, माजी आमटी?"

"आज सगळ्यांची एकातच केलीया," त्या म्हणाल्या. "येक दिस खाल्ल्यानं काय हुतंय?"

मी दादाकडे पाहिलं. तो खाली मान घालून भाकरी चुरत होता.

मी भुरका मारला. दोन वर्षांनी जिभेवर मीठ आलं होतं. खोटं कशाला सांगू, आमटी फार सुरेख झाली होती. तिची चव टाळूपासून कानापर्यंत गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मामा म्हणाले, "तिखट लागलं जणू." मी आमटी संपवली आणि वाटी पुढे केली. वहिनींनी दुसऱ्यांदाही वाढली.

दुसऱ्या दिवशी लहान पातेलीत स्वप्नालीसाठी दूध तापत होतं. गुरुवारी मिरजेची तारीख होती. सकाळी मी दादाला आठवण केली.

"तू जाऊन यी की येकटा," तो पायाच्या अंगठ्याला पट्टी बांधता बांधता म्हणाला. "आता काय ल्हान हाईस?"

मी गेलो. येताना जयसिंगपूरला उतरलो. तिथं तालमीतल्या एका मित्राचं कापडदुकान होतं, त्याला हिशेबाला माणूस पाहिजे होता. मागची खोली त्यानं मला दिली. घरी मी कपडे आणायला गेलो तेव्हा कॉटवर दादाची गादी घातलेली होती. मांडणीवरची पातेली मी पिशवीत टाकली. वहिनींनी पाहिलं आणि भाकरी थापत राहिल्या. स्वप्नालीनं विचारलं, "काका, कुटं चाललास?" तिला मी सांगितलं की मिरजेला, डॉक्टरकडं. ती म्हणाली, "पप्पा न्हाईत येत व्हय?"

याला आता चोवीस वर्षं झाली. मी अजून आहे. मिरजेचे ते डॉक्टर गेले, त्यांचा मुलगा मला तपासतो आणि दर वेळी वडलांचा जुना कागद काढून मान हलवतो. मूत्रपिंडं कुरकुरतायत, पण चालतायत. ती पातेली दोनदा कल्हई करून घेतली. त्यात मी रोज माझी आमटी करतो. अळणी.

दादा बारा वर्षांपूर्वी गेला. साखरेनं आधी अंगठा नेला, मग पाय, मग त्याला. विमा नव्हता. शेवटच्या दिवसांत मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलो होतो. त्यानं माझा हात धरला आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याला माफी मागायची असेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "हप्ता चुकवू नका म्हणावं." मी वहिनींना निरोप दिला.

वहिनींनी आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही. शिवणकाम करून भरतात. दर वर्षी हप्ता भरून आल्या की त्यांचा मला फोन येतो.

"भावोजी, तब्येत कशी हाय?"

"ठणठणीत."



"अजून अळणीच खाता व्हय?"

"व्हय."

"आसं येकटं किती दिस खाणार?" वहिनी म्हणतात. "या की येकदा जेवायला. आमटी करते."

"येतो," मी म्हणतो, आणि फोन ठेवतो.